कंदाहारच्या लेखात 'धम्म' या शब्दासाठी 'युसेबिया' का?

वाटसरू (धागाकर्ता)

आमच्या अभ्यासमंडळात गेले काही आठवडे अशोकाचे लेख क्रमाने वाचले जात आहेत. मागच्या बैठकीत आम्ही १९५८ मध्ये कंदाहार येथे सापडलेल्या द्विभाषिक लेखापाशी आलो आणि तिथेच वाद सुरू झाला. हा लेख वर ग्रीक आणि खाली अरामी अशा दोन भाषांत कोरलेला आहे आणि राजाचे नावदेखील त्यात 'पियोदास्सेस' असे ग्रीक वळणाने येते. भारतातील लेखांत जिथे 'धम्म' शब्द अपेक्षित असतो तिथे ग्रीक मजकुरात 'युसेबिया' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ कोशांत सामान्यतः 'देवादिकांविषयीचा आदर, भक्तिभाव, धर्मशीलता' असा दिलेला असतो.

मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे पडले की, अशोकाने बौद्ध मताचा प्रसार केला ही समजूतच या एका शब्दाने मोडीत निघते, कारण बुद्धाचा उपदेश सांगायचा असता तर त्याने तो असा कोणत्याही देवाला चालणाऱ्या शब्दात सांगितला नसता. दुसऱ्या सदस्यांचे मत याच्या नेमके उलट होते: भाषांतर करणाऱ्याला 'धम्म' कळलाच नाही आणि त्याने हाताशी आलेला शब्द ठेवून दिला. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात, पण त्यांना उत्तर देण्याइतके ग्रीक मला येत नाही.

तेव्हा जाणकारांना दोन प्रश्न. ग्रीकमध्ये 'नोमोस' हा नियम, रीत, कायदा अशा अर्थाचा शब्द उपलब्ध असताना तो टाळून 'युसेबिया' का घेतला असावा? आणि या निवडीवरून स्वतः अशोकाच्या श्रद्धेविषयी काही अनुमान काढणे योग्य ठरेल का?

शिलालेखी

प्रथम जागेविषयी, कारण शब्दाचे निम्मे उत्तर जागेतच आहे. कंदाहारचा परिसर म्हणजे ग्रीकांचा अराकोसिया. इ.स.पू. ३३० नंतर अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर तिथे ग्रीक वस्ती आली. पुढे इ.स.पू. ३०३ च्या सुमारास सेल्यूकस आणि चंद्रगुप्त यांच्यात तह झाला. सेल्यूकसला ५०० हत्ती मिळाले, जे त्याने दोनच वर्षांनी इप्ससच्या लढाईत उतरवले, आणि अराकोसिया मौर्यांकडे आला. सत्ता बदलली तरी वस्ती तिथेच राहिली. त्यामुळे हा लेख परदेशी राजाला पाठवलेला खलिता नव्हे. अशोक त्यात आपल्याच प्रजेशी तिच्या भाषेत बोलतो आहे, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

आता मजकूर. ग्रीक भाग जेमतेम १४ ओळींचा आहे. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर राजा पियोदास्सेस याने लोकांना युसेबिया दाखवून दिली, तेव्हापासून माणसे अधिक धर्मशील झाली आणि साऱ्या पृथ्वीवर सर्व काही भरभराटीस आले. राजा सजीवांपासून दूर राहतो आणि इतर माणसेही तसेच करतात, राजाच्या शिकाऱ्यांनी आणि मासेमारांनी शिकार सोडून दिली. ज्यांना स्वतःवर ताबा नव्हता त्यांनी यथाशक्ती असंयम सोडला. लोक पूर्वीच्या उलट आई-वडिलांचे आणि वडीलधाऱ्यांचे ऐकू लागले. आणि यापुढेही असे वागल्यास त्यांचे जीवन सर्व प्रकारे अधिक चांगले आणि हितकर होईल, असा त्याचा आशय आहे. अशोकाचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमारास धरला तर हा लेख इ.स.पू. २५८ च्या आसपासचा ठरतो.

हे भाषांतर अडाणी माणसाचे आहे या मताशी मी अजिबात सहमत नाही, आणि त्याचे कारण मजकुरातच आहे. 'सजीवांपासून दूर राहतो' या ठिकाणी ग्रीकमध्ये 'एम्प्सुखा' म्हणजे 'ज्यांच्यात प्राण आहे ते' असा शब्द वापरला आहे. 'एम्प्सुखांपासून दूर राहणे' हा वाक्प्रयोग बाजारातला नाही. मांसाहार वर्ज्य करणाऱ्या पायथागोरसच्या अनुयायांच्या आचारासंबंधी ग्रीक तत्त्वज्ञान ज्या परिभाषेत बोलत आले, त्या परिभाषेतला तो आहे. तसेच शेवटी येणारे 'अधिक चांगले आणि अधिक हितकर' हे जोडशब्द ग्रीक माणूस डेल्फीसारख्या ठिकाणी देवाला कौल लावताना वापरत असे: अमुक केले तर माझे अधिक चांगले आणि हितकर होईल का? अशोकाच्या लेखाचा शेवट ग्रीक वाचकाच्या कानाला देवाने दिलेल्या अनुकूल कौलासारखा लागला असणार. ज्याला एवढे बारकावे साधतात, त्याने 'युसेबिया' हा शब्द नाइलाजाने घेतला असे कसे म्हणावे?

'नोमोस' का नाही, याचे माझे उत्तर असे. नोमोस हा एखाद्या नगराचा, एखाद्या समाजाचा असतो. तो कोणीतरी घालून दिलेला असतो आणि मोडला तर दंड होतो. गंमत म्हणजे याच शतकात दुसऱ्या एका भाषांतरात हा शब्द निवडला गेला. यहुद्यांचा तोरा अलेक्झांड्रियात ग्रीकमध्ये आणला गेला तेव्हा 'तोरा' या शब्दाला 'नोमोस' म्हटले गेले, आणि परंपरा ते काम ज्या दुसऱ्या टॉलेमीच्या काळातले मानते तोच अशोकाच्या तेराव्या शिलालेखातला 'तुरमाय' होय. तोरा ही एका जनसमूहाला देवाने दिलेली आज्ञा असल्यामुळे तिथे तो शब्द शोभतो. कंदाहारच्या लेखात मात्र आज्ञा एकही नाही. आम्ही असे वागलो, लोक असे वागू लागले, त्याचे फळ चांगले आले, एवढेच त्यात सांगितले आहे. माणसाच्या अंगी असलेल्या गुणाचे नाव तिथे हवे होते, आणि आई-वडील, वृद्ध, अतिथी, मृत पूर्वज आणि देव या सर्वांविषयीच्या योग्य वर्तनाला ग्रीक माणूस युसेबियाच म्हणत असे. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर जो आरोप ठेवला गेला तो 'असेबिया'चा, म्हणजे याच गुणाच्या अभावाचा होता.

एक विसंगती मात्र मान्य केली पाहिजे आणि मला तीच सर्वांत रोचक वाटते. सामान्य ग्रीक माणसाच्या लेखी युसेबियाचे सर्वांत ठळक सार्वजनिक कृत्य म्हणजे पशुबळी. ज्या वाक्यात राजा युसेबिया दाखवतो, त्याच्या पुढच्याच वाक्यात तो प्राण्यांना हात लावत नाही, हे वाचून वेदीवर बैल कापणाऱ्या माणसाची काय अवस्था झाली असेल! अर्थात ग्रीकांमध्येही हा विचार अगदीच अनोळखी नव्हता. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने युसेबियावरच ग्रंथ लिहून खरी धर्मशीलता पशुबळीत नाही असा युक्तिवाद केला होता. त्यातील उतारे पुढे पॉर्फिरीने उद्धृत केल्यामुळे आपल्याला माहीत आहेत. थिओफ्रास्टस इ.स.पू. २८७ च्या सुमारास वारला, म्हणजे कंदाहारच्या लेखापूर्वी फार तर एका पिढीचे अंतर आहे. आमच्या भाषांतरकाराने तो ग्रंथ वाचला होता असे मी म्हणत नाही, पण या शब्दाच्या अर्थाविषयी ग्रीकांमध्येच वाद चालू असताना त्याने तो उचलला, एवढे निश्चित.

दक्षिणवारा

शिलालेखी यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला त्यात बगल दिली गेली आहे असे वाटते. भाषांतरकार कुशल होता हे मान्य केले की, अशोकाच्या श्रद्धेविषयी या लेखावरून अनुमान काढणे उलट अधिक धोक्याचे होते, कारण कुशल भाषांतरकार मालकाच्या मनापेक्षा श्रोत्याच्या कानाचा अधिक विचार करतो.

अशोकाची श्रद्धा पाहायची असेल तर तो संघाशी कसा बोलतो ते पाहावे. बैराटजवळच्या भाब्रू लेखात तो बुद्ध, धम्म आणि संघ यांच्याविषयीचा आपला आदर आणि श्रद्धा भिक्षूंना उघडपणे कळवतो आणि भिक्षूंनी व उपासकांनी कोणती सात प्रवचने वारंवार ऐकावीत त्यांची नावे देतो. लुंबिनीला अभिषेकानंतर २० वर्षांनी स्वतः जाऊन 'येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मला' असे कोरून ठेवतो आणि त्या गावाचा कर कमी करतो. सारनाथ, सांची आणि कौशांबीच्या लेखांत संघात फूट पाडणाऱ्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे असे बजावतो. हे सर्व पाहिल्यावर तो बौद्ध नव्हता असे म्हणणे मला तरी शक्य वाटत नाही.

परंतु हाच राजा अभिषेकानंतर १२ वर्षांनी बराबरच्या टेकड्यांतील गुहा आजीविकांना, म्हणजे बौद्धांहून वेगळ्या एका श्रमण पंथाला देतो, आणि प्रजेला उद्देशून लिहिलेल्या मोठ्या शिलालेखांत चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग, निर्वाण यांपैकी एकाचाही उल्लेख करत नाही. फळ म्हणून सांगतो ते इहलोकीचे सुख आणि स्वर्ग. म्हणजे दोन भाषा होत्या: एक उपासकाची आणि एक राजाची. कंदाहारचा लेख या दुसऱ्या भाषेचे भाषांतर आहे. ज्या प्राकृत मजकुरात मुळात बौद्ध परिभाषा नव्हती, तिच्या ग्रीक रूपात ती सापडली नाही म्हणून आश्चर्य करण्याचे कारण नाही. आपल्या ज्येष्ठ सदस्यांनी जो निष्कर्ष ग्रीक शब्दावरून काढला, तो काढायचाच असेल तर गिरनारच्या शिलालेखाच्या प्राकृतावरूनही काढता येतो, आणि भाब्रूच्या लेखापुढे तो दोन्हीकडे टिकत नाही.

अक्षरमित्र

सगळी चर्चा ग्रीक मजकुरावर चालली आहे, म्हणून त्याच खडकावरच्या खालच्या ओळींकडे लक्ष वेधतो. अरामी ही प्राचीन इराणच्या हखामनी साम्राज्याच्या कारभाराची भाषा होती. साम्राज्य जाऊन सत्तर वर्षे उलटली तरी त्या भागातील लेखनिक ती लिहीत होते, आणि या लेखातील अरामी इराणी शब्दांनी भरलेली आहे. तिथे 'धम्म' या अर्थी जो शब्द येतो त्याचा अर्थ 'सत्य' असा आहे. एकाच खडकावर, एकाच राजाच्या एकाच कल्पनेला ग्रीक वाचकासाठी 'धर्मशीलता' आणि इराणी वळणाच्या वाचकासाठी 'सत्य' म्हटले गेले. इराणी परंपरेत सत्य आणि असत्य यांचा झगडा किती मध्यवर्ती आहे हे दारियसचा बेहिस्तूनचा लेख वाचलेल्यांना सांगायला नको. तिथे बंडखोरांचा मुख्य गुन्हा 'खोटे' हाच आहे.

आता दुसरा स्तंभलेख पाहा. 'कियं चु धंमे ति', धम्म म्हणजे काय, असा प्रश्न अशोक स्वतःच विचारतो आणि उत्तर देतो: दोष थोडे, सत्कृत्ये पुष्कळ, दया, दान, सत्य आणि शुचिता. अरामी लेखनिकाने या मालिकेतले एक नाणे उचलले आणि ग्रीक लेखनिकाने सगळ्या पिशवीला नाव दिले, असे मला वाटते. दोघांपैकी चूक कोणीच नाही.

याहून मला मोलाचे वाटते ते 'पासंड' या शब्दाचे भाषांतर. कंदाहारलाच १९६३ मध्ये चुनखडीचा एक शिलाखंड उजेडात आला, ज्यावर बाराव्या शिलालेखाचा शेवट आणि तेराव्याचा आरंभ ग्रीकमध्ये आहे. बारावा लेख सर्व 'पासंडां'च्या सलोख्याविषयी आहे. आपल्या मराठीत पाखंड म्हणजे ढोंग आणि पाखंडी म्हणजे धर्मबुडवा. अशोकाच्या लेखात मात्र हा शब्द कोणत्याही पंथाला, स्वतःच्यासुद्धा, निर्विकारपणे लावला आहे. ग्रीक भाषांतरकाराने त्यासाठी 'दियात्रिबे' हा शब्द घेतला, जो तत्त्वज्ञांच्या शाळेला, गुरूभोवती जमून चर्चा करणाऱ्या मंडळीला लावला जाई. श्रमण-ब्राह्मणांच्या पंथांकडे पाहून त्याला मंदिरे आणि पुरोहित आठवले नाहीत. त्याच्या डोळ्यांपुढे विचारवंतांच्या शाळा उभ्या राहिल्या, आणि माझ्या मते इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या मगधाचे ते अधिक अचूक वर्णन आहे.

त्याच लेखात अशोक 'वचिगुती'वर, म्हणजे वाणीच्या संयमावर भर देतो: स्वतःच्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. ग्रीकमध्ये याचे रूप असे होते की, जो जिभेवर ताबा ठेवतो तोच खरा संयमी. येथे वापरलेला 'एन्क्रातेस' हा शब्द ऑक्ससच्या काठावरील आय खानुम या ग्रीक नगरातही कोरलेला सापडला आहे. क्लीआर्कस नावाच्या माणसाने डेल्फीची सुवचने काळजीपूर्वक उतरवून तिथे आणली होती. बालपणी शिस्तीने वाग, तारुण्यात संयमी हो, मध्यम वयात न्यायी, वार्धक्यात सल्ला देण्यास योग्य, आणि मरताना दुःखरहित, असे त्यात म्हटले आहे. ज्या प्रदेशातले ग्रीक हे दगडावर कोरून वाचत होते, त्यांना पियोदास्सेसचा उपदेश फारसा परका वाटला नसावा.

(जाता जाता: घसरलेला शब्द 'पासंड' एकटाच नाही. 'देवानांप्रिय' ही अशोकाची उपाधी पुढच्या संस्कृत व्याकरणात 'मूर्ख' या अर्थाचे उदाहरण होऊन बसली.)

वाटसरू

सर्वांचा मनापासून आभारी आहे. 'नोमोस'संबंधीच्या विवेचनाला दुजोरा देणारे एक वाक्य मला काल सातव्या स्तंभलेखात सापडले. धम्माची वाढ दोन मार्गांनी होते, नियमाने आणि 'निझती'ने, म्हणजे माणसाला विचार करायला लावून त्याचे मन वळवण्याने; त्यांपैकी नियम हलका, निझती थोर, असे अशोक तिथे म्हणतो. प्राणिवधबंदीसारखे नियम आपण केले हे तो नाकारत नाही, तरी शेवटी वजन टाकतो ते मन वळवण्याच्या पारड्यात. 'नोमोस' हा शब्द वापरला असता तर हे पारडेच उलटे झाले असते.

आता एक उपप्रश्न. तेराव्या शिलालेखात, कलिंगात १,००,००० माणसे मारली गेली आणि १,५०,००० पळवून नेली गेली या कबुलीनंतर पुढे असे वाक्य येते की, योन (म्हणजे ग्रीक) सोडले तर ब्राह्मण आणि श्रमण नाहीत असा एकही देश नाही. हे वाक्य कंदाहारच्या ग्रीक वाचकांपुढे कसे मांडले असेल? 'तुम्ही सोडून सगळीकडे' असे तोंडावर सांगितले असेल का?

शिलालेखी

प्रश्न मार्मिक आहे आणि उत्तर हाताशी येता येता निसटते. १९६३ च्या शिलाखंडावर कलिंगाचे आकडे आहेत, राजाचा पश्चात्ताप आहे, आणि श्रमण व ब्राह्मण हे शब्दही आहेत. ते भाषांतर न करता ग्रीक प्रत्यय लावून 'स्रमेनाई', 'ब्रमेनाई' असे जसेच्या तसे ठेवले आहेत. परंतु आपण म्हणता ते वाक्य येण्याआधीच दगड संपतो.

दक्षिणवारा यांच्या आक्षेपाबद्दल: तो मान्य. माझे म्हणणे भाषांतरकाराच्या निवडीपुरतेच होते. फक्त एक पुस्ती जोडतो. 'राजाची भाषा' आणि 'उपासकाची भाषा' अशी वाटणी करताना राजाची भाषा कमी प्रामाणिक होती असा ध्वनी निघू नये. सातव्या स्तंभलेखात धम्ममहामात्रांना, म्हणजे धम्माच्या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना, संघ, ब्राह्मण, आजीविक आणि निर्ग्रंथ (जैन) या सर्वांचे काम पाहण्यास सांगितले आहे. त्या वेळी अभिषेकाला २७ वर्षे झाली होती. निव्वळ सोय म्हणून माणूस इतकी वर्षे तेच ते लिहीत नाही.

अपरांतकर

उशिरा आलो आहे, पण या चर्चेचे एक टोक आमच्या भागात येते म्हणून लिहितो. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्याचा. नववा लेख 'मंगलां'विषयी आहे: आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक, विशेषतः स्त्रिया, नाना विधी करतात, त्यांचे फळ अल्प, खरे मंगल म्हणजे दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान. (घरोघरच्या व्रतवैकल्यांवर टीका करण्याची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे ते यावरून दिसते, आणि ती किती निष्फळ ठरली तेही.) कंदाहारला ज्या कल्पनेसाठी युसेबिया हे नाव शोधावे लागले, ती इथे भाषांतराविना पोहोचली.

सिंहली परंपरा सांगते की, पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर (बौद्ध भिक्षूंच्या धर्मसभेनंतर) अपरांतात, म्हणजे कोकणाच्या बाजूला, धम्मोपदेशासाठी जो थेर (ज्येष्ठ भिक्षू) पाठवला गेला त्याचे नाव 'योन धम्मरक्खित' होते. म्हणजे ग्रीक, निदान ग्रीक म्हणवला जाणारा, भिक्षू कोकणात. ही कथा कितपत इतिहास मानावी हा प्रश्न वेगळा. पण योन आणि धम्म यांची जोडी पुढे आपल्याच डोंगरात दगडावर कोरलेली सापडते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे दाते म्हणून आहेत, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतील १७ क्रमांकाच्या लेण्याचा लेख तर याहून बोलका आहे. तिथला दाता स्वतःला उत्तरेकडचा, दातामितीचा रहिवासी, योणक म्हणवतो. त्याचे स्वतःचे नाव इंद्राग्निदत्त, म्हणजे दोन वैदिक देवांची देणगी. लेणे, त्यातील चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी त्याने आई-वडिलांच्या उद्देशाने खोदवल्या आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिल्या.

दक्षिणवारा यांनी ज्या दोन भाषा वेगळ्या केल्या, त्या या यवनाच्या लेखात एकत्र आलेल्या दिसतात: आई-वडिलांविषयीचा आदरही आहे आणि संघाला दिलेले दानही. लेख संपूर्ण प्राकृतात आहे, ग्रीक अक्षर एकही नाही. इंद्राग्निदत्ताच्या वडिलांचे नाव त्यात 'धंमदेव' असे दिले आहे आणि दानात सहभागी असलेल्या मुलाचे 'धंमरखित'.